मोठ्यानं वाचलेली यादी

माळवस्ती, ता. इंदापूर
२ फेब्रुवारी १९९७

दादासाहेब,

आशीर्वाद लिवला तर तू म्हणशील, बारा वर्षांनी अक्काला आशीर्वाद कसा आठवला. न्हाय लिवला तर म्हणशील, अक्का अजून तशीच हाय. तवा तो राहू दे. कामाचं लिवते. तू वकील हायस आन मला वकील पायजे. बारामतीच्या कोर्टासमोर तुझी पाटी मी दोनदा बघितली, दोन्ही वेळंला जिन्यापासनं माघारी फिरले.

पोस्टकार्ड घेतलं न्हाय, पाकीट घेतलंय. आमच्या गावात आता कागदाचा भरवसा राहिला न्हाय.

तुझी भाची सुकन्या बावीस वर्षांची झाली. तू बघितली तवा शाळंत जात व्हती. आता वस्तीवरच्या अंगणवाडीची ती बाई हाय. तीन वर्षं झाली, चौतीस पोरं, आन एक पोरगं असं न्हाय की ज्याला सुट्टी झाल्यावर तिच्या कडेवर बसायचं नसतं. गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. टाचणी टोचली तरी कळंना. मी स्वतः तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तितल्या डॉक्टरीणबाई चांगल्या. म्हणाल्या, कुष्ठरोग हाय पण अगदी सुरवातीचा, सहा महिने गोळ्या खायच्या, बरी होशील, तुझ्यापासनं कुणाला काही व्हणार न्हाय, काम सोडू नको. रजिस्टरात नाव घालताना असं बी म्हणाल्या, की हे कपाटात कुलपात असतं, मावशी, काळजी करू नका. पोरगीनं एक गोळी चुकवली न्हाय. घरात ती, मी आन तुझं दाजी, चौथ्या माणसाला ठाऊक न्हवतं.

आता ऐक. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर देवळापुढं ग्रामसभा भरली. आमच्याकडं तालुक्याहून जी यादी येईल ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची रीत हाय. ग्रामसेवक मोहनराव उठले, शाळंचा कर्णा तोंडापुढं धरला. घरकुलाची यादी वाचली. निराधार बायांची वाचली. मग त्याच गठ्ठ्यातला पुढचा कागद काढला आन वाचायला लागले, "गोपनीय. कुष्ठरोग रुग्णांची नावनिशीवार यादी. एकूण रुग्ण अकरा."

दादासाहेब, त्या माणसानं "गोपनीय" हा शब्द बी कर्ण्यातनं वाचला! दवाखान्यानं तो कागद गोळ्यांवर लक्ष ठेवा म्हणून त्यांना दिलेला, आन त्यांनी तो गावाला ऐकवला. नाव, वय, वस्ती, चट्टा कुठल्या अंगावर. सातवं नाव सुकन्याचं. "डावा दंड" म्हणाले. ती तवा देवळाच्या पायरीवर पोरांना गाण्यासाठी रांगंत उभी करत व्हती. मी बघितलं, आया उठल्या आन एकेक करून आपापलं पोर रांगंतनं ओढून न्यायला लागल्या. एक पोरगी तिचा हात सोडंना तर आईनं तिला चापट मारली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तीन पोरं आली. आता एक येतं, ते बी आमच्याच भावकीतलं. काल सरपंच येऊन म्हणाले, "भागूबाई, पोरीला म्हणावं राजीनामा दे, मार्चअखेर. उगं बोभाटा नको." बोभाटा नको! कर्णा लावून बोभाटा कुणी केला?

कायद्यात यावर काय हाय ते मला लिव. सुकन्याची अंगणवाडी जाता कामा नये, मला एवढंच पायजे. आन ज्यांनी तिला गावापुढं उघडी केली त्यांना कुणीतरी जाब विचारला पायजे. मी विचारला, तर म्हणतात, चुकून झालं. शेजाऱ्याच्या रानात गुरं शिरली तर चुकून म्हणतात. हे चुकून न्हाय.

चट्टा म्हणजे काय आन लोक कसे बघतात, ते तुला येगळं सांगायची गरज न्हाय.

भागूबाई

१६ फेब्रुवारी १९९७

दादासाहेब,

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं. वर "श्रीमती भागूबाई यांस". बरं केलंस. निदान उत्तर तरी दिलंस, आन चांगलं चार पानी दिलंस. सुकन्यानं मला ते दोनदा वाचून दाखवलं आन तिसऱ्यांदा मी एकटीनं वाचलं. आता माझं ऐक.

तू लिवतोस, अब्रूनुकसानीचा दावा लावता येतो पण टिकणं अवघड, कारण मोहनराव जे बोलले ते खरं व्हतं, आन खरं बोलणं हा मोठा बचाव हाय. अरं, मग खोटं वाचलं असतं तर बरं झालं असतं की! पोरगी धडधाकट असताना तिला रोगी म्हणाले असते तर कोर्ट तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं, आन खरोखर रोग झाला, तिनं मुकाट्यानं गोळ्या खाल्ल्या, तर कोर्ट म्हणणार, खरंच हाय ना? हा कुणी लिवला कायदा? त्याच्या घरात कुणाला चट्टा उठला न्हवता वाटतं.

मग लिवतोस, ग्राहक मंचात जाता येत न्हाय, कारण सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळाल्या, म्हणून ती ग्राहक न्हाय. म्हणजे गोळ्यांबरोबर गुपित बी फुकटच दिलं असं धरायचं का?

जिल्हा परिषदेकडं तक्रार करून मोहनरावांची चौकशी लावता येते, हे मला पटलं. आजच अर्ज धाडला. तू सांगितलंस तसा, शिव्या न घालता. लई जड गेलं.

आन पंचायतीवर दिवाणी दावा. आधी महिनाभराची लेखी नोटीस, आन झाल्या दिवसापासनं सहा महिन्यांच्या आत दावा, न्हायतर दार बंद. म्हणजे सव्वीस जुलैच्या आत. माणसाचं खासगी ते खासगी ठेवायचा हक्क हाय असा तीन वर्षांमागं दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आलाय, त्याचा आधार घेता येईल असं तू लिवलंस. त्याच्याखाली तू पेनानं रेघ मारलीस. टाइपावर एवढी एकच पेनाची रेघ हाय, ती मला दिसली. नोटीस काढ. सही पाठवतोय आमी.

तू म्हणालास, बाकीच्या दहा जणांच्या बी सह्या आणा. मी फिरले. दत्तोबाची सून त्याचं ताट गोठ्यात नेऊन ठेवते. मी त्याला म्हणाले, दत्तोबा, कायद्यानं भांडूया. तो म्हणाला, "अक्का, एकदा नाव कागदावर आलं ते बास झालं. आता कोर्टाच्या कागदावर घालता व्हय? तितं बी शिपाई मोठ्यानंच पुकारतो." खरंच पुकारतो का रं? पोरीचं नाव दडवून दावा लावता येतो का, ते लिव. न्हायतर हक्क मागायला जायचं ते परत एकदा यादी वाचून घेऊनच.

सुकन्या मात्र रोज दहाला जाऊन अंगणवाडी उघडते. झाडते, पाट मांडते, एकट्या पोराला गाणं म्हणायला लावते. तुझं दाजी सकाळी तिच्यासंगं चालत जातात आन बाहेर चिंचंखाली बसून राहतात.

तू विचारलंस, याद्या वाचायची ही रीत कुणी घातली, काही लेखी हाय का. लई जुनी रीत हाय. लेखी काय असणार?

भागूबाई

२७ मार्च १९९७

दादासाहेब,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "सोबतचा ठराव पाहावा व खुलासा करावा." पंचायतीनं नोटिशीला उत्तर देताना ठरावाची नक्कल जोडली, आन तू ती मला धाडलीस. खुलासा करते.

ठराव खरा हाय. त्र्याण्णव सालचा. "तालुक्याहून आलेली कोणतीही यादी ग्रामसेवकाने न गाळता, जशीच्या तशी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावी." सूचक, भागूबाई. मीच. मी तुला मागच्या पत्रात खोटं लिवलं. आता बस हसत.

पण का ते ऐक, मग हस. त्या साली कुशाबाईचं घरकुल मंजूर झालं व्हतं. विधवा बाई, पाचटाच्या छपरात राहायची. जुन्या ग्रामसेवकानं यादी खिशातच ठेवली आन ते घर दुमजली माडीवाल्याच्या मेव्हण्याला गेलं. मी ग्रामसभेत उभी राहिले, एकटी बाई, आन म्हणाले, यादी खिशात न्हाय, कर्ण्यावर पायजे. "न गाळता" हे शब्द माझे हायत. सरपंच म्हणत व्हते, महत्त्वाच्या तेवढ्याच वाचू. मी म्हणाले, महत्त्वाची कुठली ते तुमी ठरवणार? समद्या वाचायच्या! बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या साली कुशाबाईला घर मिळालं. लई मोठं काम केलं असं मला चार वर्षं वाटत व्हतं.

नोटीस गेल्यावर मोहनराव घरी आले. पाणी बी घेतलं न्हाय. म्हणाले, "अक्का, मला कागद हातात आल्यावर कळलं व्हतं, हे वाचायचं नसतं. पण तुमी समोर बसला व्हता. एक कागद गठ्ठ्यात माघारी सारला असता तर तुमी माझी गचांडी धरली असती." आन दादासाहेब, धरली असती. सगळ्या गावादेखत धरली असती. नाव कुणाचं हाय ते न बघता.

तुमी बी तोंड वर करून सुटणार न्हाय, हे मी त्यांना तितंच सांगितलं. अक्कल गहाण ठेवून नोकरी करता व्हय, मी म्हणाले. "गोपनीय" दिसल्यावर थांबायला मेंदू लागतो, ठराव न्हाय. पण ते गेल्यावर मी चुलीपुढं बसले आन मला रडू आलं.

सुकन्याला हे मोहनरावांच्या तोंडनं कळलं. ती दारामागं उभी व्हती. म्हणाली, "आई, ठराव तू केलास त्याचा मला राग न्हाय. तू माझ्यापासनं लपवलंस. यादीतलं माझं नाव लपवायला कुणाला जमलं न्हाय, आन तुझं नाव तू बरं लपवलंस." दोन दिवस झाले, कामापुरतं बोलते.

आता हा ठराव आपला दावा बुडवतो का, ते सांग. बुडवत असंल तर तसं सांग. माझ्या नावामुळं पोरीची अंगणवाडी जात असंल तर मी ग्रामसभेत उभी राहून ठराव माझ्या तोंडानं माघारी घेते.

आन एक लिवायचं हाय. ते बारा वर्षं लिवलं न्हाय.

तू पुण्याला वकिलीचं शिकत व्हतास तवा तुझ्या पाठीवर तसाच चट्टा उठला. तू दोन वर्षं गोळ्या खाल्ल्यास, बरा झालास, आन ते तू आईला सांगितलं न्हाय, आबांना सांगितलं न्हाय, एकट्या मला सांगितलंस. पंच्याऐंशी साली लोणी भापकरच्या पावण्यांकडं तुझी सुपारी ठरली, आन मी त्या पोरीच्या आईला आत नेऊन सांगून टाकलं. मला वाटलं, लपवून लग्न नको, नंतर कळलं तर तुझंच नुकसान. मला वाटलं, खरं ते खरं. पावणे जेवायच्या आधी उठले. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आन पिशवी उचलून गेलास. मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आले, बघा, खरं बोलले म्हणून भाऊ तुटला.

कर्णा न्हवता एवढाच फरक. मोहनरावांच्या हातात ठराव तरी व्हता. मला कुणी सांगितलं व्हतं वाचायला?

चुकले मी. दादासाहेब, मी चुकले. तू माफ करावंस म्हणून लिवत न्हाय, मला कळलं एवढं तुला कळावं म्हणून लिवते. दावा लढायचा नसंल तर दुसऱ्या वकिलाचं नाव कळव.

हे पत्र वाचून जाळ.

अक्का

१२ एप्रिल १९९७

दादासाहेब,

हातानं लिवलेलं पत्र! तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच हाय. सुकन्या म्हणाली, मामांपेक्षा माझी पोरं बरं काढतात. हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

जुन्या गोष्टीवर तू एक अक्षर लिवलं न्हाईस. ठीक हाय. मी बी परत काढत न्हाय.

ठरावाचं तू लिवलंस ते मी तिला वाचून दाखवलं. ग्रामसभेच्या ठरावानं दवाखान्यातलं गुपित उघडं करायचा अधिकार कुणाला येत न्हाय, माझं नाव असो का आणखी कुणाचं. पंचायत म्हणणार, सद्भावनेनं केलं, आन तिचे वकील मला पिंजऱ्यात उभं करून ठराव वाचायला लावतील. लावू दे. मी वाचते. कुशाबाईचं घर बी सांगते आन माझी चूक बी सांगते.

आन कोर्टाला अर्ज देऊन दाव्याचं काम बंद दाराआड चालवायची मागणी करता येते, पण मिळंलच असं न्हाय, हे तू लपवलं न्हाईस ते बरं केलंस. मी सुकन्याला विचारलं, आता तूच सांग. या बाबतीत मी एक शब्द तुझ्या वतीनं बोलणार न्हाय. ती म्हणाली, आधी एकवीस तारीख होऊ दे.

एकवीसला इंदापूरला गटविकास अधिकाऱ्यांपुढं सुनावणी हाय. सरपंचानं राजीनाम्याचं सोडून सरळ अर्जच दिलाय, बाईला काढा म्हणून, खाली पालकांचे अंगठे आन सह्या. त्यात अशा बायांच्या सह्या हायत की त्यांची पोरं सुकन्यानं गोवरात सांभाळली. तू येतो म्हणालास. सकाळी दहाला. डॉक्टरीणबाई लेखी दाखला देतायत, गोळ्या पूर्ण झाल्या, धोका न्हाय, म्हणून.

तुझ्या पोराला, यशराजला, संगं आणू नको, शाळा बुडंल. न्हाय, आण. न्हाय, तुझं तू ठरव.

अक्का

२३ एप्रिल १९९७

चिरंजीव दादासाहेबास,

परवा यष्टी स्टँडवर धड बोलणं झालं न्हाय. तुझी बारामतीची गाडी लागली आन आमची पळसदेवची बी लागली. म्हणून लिवते.

तू बोललास ते मला सगळं कळलं असं न्हाय, पण साहेब मान हालवत व्हते ते मी बघत व्हते. डॉक्टरीणबाईंचा दाखला वाचून झाला. मग सरपंच उठले. तू बी ऐकलंस. "साहेब, कागद काय, कुणी बी देतं. हा रोग झालेला आन धड बरा झालेला, चारचौघांत मानानं बसणारा एक तरी माणूस आमाला दाखवा. उद्या सकाळी चौतीसच्या चौतीस पोरं पाठवतो. सगळ्यांदेखत शब्द देतो."

आन मागनं माणसं म्हणाली, व्हय व्हय, दाखवा.

दादासाहेब, तू माझ्यापासनं दोन हातांवर बसला व्हतास. काळा कोट, चष्मा, पुढ्यात कायद्याचं पुस्तक. अख्ख्या खोलीत तुझ्याएवढं मानाचं कुणी न्हवतं. माझी पोर माझ्या शेजारी, मांडीवर हात घट्ट धरून. एक वाक्य. एका वाक्यात तिची सगळी पोरं माघारी येत व्हती. माझ्या तोंडात ते वाक्य तयार व्हतं, जिभंवर आलं व्हतं. तुला ठाऊक हाय माझी जीभ. तू कागद नीट करायला लागलास, तुझी मान लाल झाली, आन तू माझ्याकडं बघितलं न्हाईस.

मी पदर तोंडात धरला. दातांनी धरला. साहेब म्हणाले, "मावशी, तुम्हाला काही बोलायचंय का?" मी मानेनंच न्हाय म्हणाले. सरपंच हसले. त्यांना वाटलं, भागूबाईची बोलती बंद झाली.

साहेबांचा हुकूम तू घेऊन गेलासच: बरा झालेला रोग हे कामावरनं काढायचं कारण न्हाय, सुकन्या राहील, आजारांच्या याद्या इथून पुढं ग्रामसभेत वाचायच्या न्हाईत. पण पोरं पाठवा असा हुकूम आईबापांवर काढता येत न्हाय म्हणाले. आज पाच आली. त्यात एक, जिला त्या दिवशी चापट बसली व्हती ती. बाकीच्यांच्या आया माझ्याकडं बघून रस्ता बदलतात. बदलू दे. लाज त्यांना वाटायला पायजे, आमाला न्हाय.

यष्टीत सुकन्या म्हणाली, "आई, एवढी गप्प मी तुला जन्मात बघितली न्हाय. काय झालं?" मी म्हणाले, गाडी लागतीय. तिला बी सांगितलं न्हाय. कधी सांगणार न्हाय.

तू बोलला असतास तर चौतीस पोरं आली असती. तू बोलला न्हाईस. रात्रभर मी स्वतःला विचारत व्हते, राग येतो का. न्हाय येत. आपल्या अंगाचं कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, का मरंपतूर सांगायचंच न्हाय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सुकन्याला तेवढंच पायजे व्हतं, आन तेच तिच्याकडनं कर्ण्यावर काढून घेतलं. मग ते तुझ्याकडनं मागणारी मी कोण?

सोबत वकीलपत्र हाय. सुकन्यानं आज सकाळी सही केली. बंद दार मिळो न मिळो, दावा लावायचा म्हणते. नाव पूर्ण लिवलंय, तिचं, वडलांचं, आडनावासकट. मी सांगितलं न्हवतं. तिनं तिच्या मनानं लिवलं.

तुझी अक्का